आडनांव काय सांगतें?

चाळींत नवें बिऱ्हाड येतें. सामान अजून हातगाडीवरून उतरत असतें, तोंच शेजारचे एखादे वडीलधारे गृहस्थ पुढें होऊन विचारतात, "आपलें नांव?" उत्तर येतें, "श्रीधर." गृहस्थांचें समाधान होत नाहीं. "तें झालें हो, पण आडनांव?" या दुसऱ्या प्रश्नांत विचारणाऱ्यास केवळ आडनांवच हवें असतें असें नाहीं, हें महाराष्ट्रांत वाढलेल्या श्रोत्यांस सांगावयास नको. आडनांवावरून जात ताडावयाची आणि जातीवरून जवळीक किती ठेवावयाची तें ठरवावयाचें, असा तो सरळ हिशेब असतो. भाड्याची जागा मिळणें न मिळणेंही कित्येकदां त्या एका उत्तरावर अवलंबून असतें. तेव्हां हा शब्द खरोखर काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

आरंभ त्या शब्दापासूनच करावा. आडवाट म्हणजे मुख्य नव्हे ती वाट. आडगांव म्हणजे रहदारीच्या रस्त्यापासून बाजूस पडलेलें गांव. तसेंच आडनांव म्हणजे मुख्य नांवाच्या बाजूचें नांव. जुन्या व्यवहाराशीं हा अर्थ चांगला जुळतो. पेशवाईंतले कागद उघडले तर मनुष्य तेथें बहुधा स्वतःच्या व बापाच्या नांवानें उभा असतो. पहिल्या पेशव्यांचें घराणें श्रीवर्धनच्या भटांचें, परंतु इतिहासास ते बाळाजी विश्वनाथ म्हणूनच ठाऊक आहेत. खेड्यांतला शेतकरी कागदांत 'अमुक बिन तमुक' असा येतो. यांतला 'बिन' हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ मुलगा. आडनांव असलें तरी त्याचें काम दुय्यम.

आडनांवांचा सर्वांत समृद्ध सांठा हुद्द्यांचा आहे. गांवाचा मुख्य तो पाटील, त्याचा मदतनीस चौगुला, आणि हिशेब ठेवणारा कुळकर्णी. परगण्याच्या ठिकाणीं हींच कामें देशमुख व देशपांडे यांचीं. कुळकर्णी या शब्दांतलें 'कुळ' ऐकून पुष्कळांस थोर कुलाचा भास होतो. तो भास टिकणारा नाहीं. हें कूळ म्हणजे सारा भरणारा शेतकरी. कूळकायद्यांत जें कूळ येतें तेंच हें. त्या कुळांचा हिशेब लिहिणारा तो कुळकर्णी. वतन सरकारनें १९५० च्या कायद्यानें काढून घेतलें, मुलकी पाटीलकीही १९६२ च्या कायद्यानें गेली. मात्र दारावरच्या पाट्यांवर दोघेही अढळ आहेत.

ज्या आडनांवांच्या शेवटीं 'नीस' येतें, त्यांचें मूळ फारसींत आहे. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, हिशेब लिहिणारा हसबनीस. पारसनीस या नांवाचा परिसाशीं कांहीं संबंध नाहीं. फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस. पोतनीस व पोतदार यांनीं पोतीं वाहिलीं नाहींत. 'पोतें' म्हणजे सरकारी खजिना, आणि पोतदार हा नाण्यांची पारख करणारा अधिकारी. कारखानीस म्हटल्यावर आज यंत्रांची घरघर ऐकूं येते, परंतु जुन्या राज्यांतले अठरा कारखाने म्हणजे कोठी, जामदारखाना, पीलखाना अशीं सरकारी खातीं. हवालदाराची गोष्ट तर अधिकच मौजेची. आज तो चौकांत उभा राहून वाहतूक आवरतो. शिवकालांत तो किल्ल्याचा मुख्य अधिकारी होता. आजच्या शब्दकोशानें कालच्या आडनांवाचा अर्थ लावूं गेल्यास अशी फसगत होते. चिटणीस मात्र दोन्हीं काळांत सुखानें नांदतो. प्रत्येक संस्थेस अजून एक चिटणीस लागतोच.

या फारसी नांवांना एकदां मोठा धक्का बसला होता. रायगडावर १६७४ मध्यें राज्याभिषेक झाला, तेव्हां शिवाजी महाराजांनीं अष्टप्रधानांचीं नांवें संस्कृतांत घेतलीं. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव, वाकनिसांचे मंत्री, डबिरांचे सुमंत आणि सरनोबतांचे सेनापति. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही महाराजांच्याच आज्ञेनें तयार झाला. हे नवे शब्द वायां गेले असें म्हणतां येत नाहीं. बावड्याचे पंत अमात्य आणि भोरचे पंत सचिव या घराण्यांनीं ते अभिमानानें बाळगले. परंतु मुजुमदार, वाकनीस, डबीर, सरनोबत हीं आडनांवें आजही नांदत आहेत, आणि 'पेशवा' हा शब्द तर पुढें साऱ्या हिंदुस्थानांत गाजला. कचेरींतला शब्द आज्ञेनें बदलला. घरांतला बदलला नाहीं.

हुद्दा आडनांवास कसा गिळून टाकतो याचें ठळक उदाहरण नाना फडणवीसांचें (१७४२–१८००). त्यांचें घराणें भानूंचें. फडणिशी चालवितां चालवितां भानू मागें पडले. आज 'बाळाजी जनार्दन भानू' म्हटल्यास शाळकरी मुलगा गोंधळून जाईल.

'कर' लागणाऱ्या आडनांवांची तऱ्हा निराळी. हीं मनुष्यास गांवांत मिळत नाहींत. गांव सोडल्यावर मिळतात. नीरेकांठच्या होळ गांवांत सगळेच होळचे. तेथें एकट्यास होळकर म्हणून कोणास ओळख पटणार? मल्हारराव बाहेर पडले म्हणून होळकर झाले. गोव्यांतील मंगेशीचे दीनानाथ (१९००–१९४२) नाटकमंडळींत गेले आणि मंगेशकर झाले. वडिलांकडचीं अभिषेकी, हर्डीकर हीं नांवें बाजूस राहिलीं. म्हणजे 'कर' हें आडनांव स्थलांतराची नोंद आहे. मुंबईच्या पारशी घराण्यांनीं तर गांवाबरोबर धंद्याचीही नोंद केली. त्यांच्यांत भरूचा आहेत तसे बाटलीवाला आहेत, काँट्रॅक्टर आहेत, आणि रोकड कर्ज तत्काळ पुरविणारे रेडीमनीसुद्धां आहेत.

एवढें स्पष्ट झाल्यावर व्युत्पत्तीचा मोह आवरणें कठीण जातें. गायकवाड घराण्याच्या मूळपुरुषानें कवाड उघडून गाईंना आश्रय दिला, ही कथा गोड आहे. परंतु अशा कथा बहुधा शब्द फोडून झाल्यावर सुचतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्याएवढे परिश्रम या शास्त्रांत क्वचितच कोणी घेतले असतील. तरीही मराठी शब्दामागें संस्कृत मूळ दिसलेंच पाहिजे हा त्यांचा आग्रह त्यांस कित्येकदां फार दूर घेऊन गेला. जाधव हें यादव शब्दाचें रूप, यांत शंका नाहीं. मात्र त्यावरून प्रत्येक जाधव देवगिरीच्या सिंहासनाचा वारस ठरत नाहीं. राजाचें नांव राजाचे सेवक, आश्रित व प्रजाजनही घेतात.

आणि येथेंच चाळींतल्या त्या गृहस्थांचा हिशेब चुकतो. देशमुख ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, कायस्थ प्रभूंत आहेत आणि मुसलमानांतही आहेत. कारण देशमुखी हें वतन होतें, जात नव्हती. पाटील मराठा असेल, आगरी असेल, कोळी असेल, लिंगायत किंवा जैनही असेल. गायकवाड, मोरे, जाधव हीं मराठ्यांचीं तशींच पूर्वास्पृश्य समाजाचीं आडनांवें आहेत; पवार व चव्हाण बंजाऱ्यांच्या तांड्यावरही भेटतात. त्या गृहस्थांस उत्तर मिळालें असें वाटतें, पण त्यांच्या हातीं आलेली असते ती कोण्या पूर्वजाची नोकरी अगर त्याचें सुटलेलें गांव.

तरीही हा बाजूचा शब्द मुख्य कसा होऊन बसला? याचें बरेंचसें श्रेय, अथवा दोष, नोंदवहीकडे जातो. गोव्यांत सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांस बाप्तिस्म्याच्या वेळीं पोर्तुगीज आडनांवें मिळालीं, आणि प्रभु, कामत, शेणै अशीं जुनीं नांवें झांकलीं गेलीं. इंग्रजी अमदानींत हें काम शाळेच्या हजेरीपटानें केलें. मुंबई विद्यापीठ १८५७ त स्थापन झालें. परीक्षेच्या याद्या, नोकरीचा दाखला, पुढें निवृत्तिवेतन, यांस शेवटपर्यंत एकच ठाम नांव हवें होतें. बाप मुलाचा हात धरून शाळेंत येई. मास्तर विचारीत आणि जें कानावर पडे तें टांकानें लिहीत. त्या एका ओळीनें पुढच्या पिढ्या बांधल्या गेल्या.

रामजी सकपाळ यांचें मूळ गांव कोंकणांतलें आंबडवे. गांवावरून मुलाचें आडनांव आंबडवेकर व्हावयाचें. साताऱ्याच्या शाळेंत १९०० सालीं त्याचें नांव दाखल झालें. त्या शालेय जीवनांतच आडनांवाचें रूप 'आंबेडकर' असें स्थिर झालें. एका शिक्षकांच्या प्रेमळपणामुळें हें झालें, अशी आठवण खुद्द बाबासाहेबांनींच सांगितली आहे. सकपाळांचें आंबडवेकर आणि आंबडवेकरांचें आंबेडकर होण्यास एक पिढीही लागली नाहीं. आणि तेंच नांव पुढें राज्यघटनेच्या इतिहासांत लिहिलें गेलें.

त्याच हजेरीपटानें कांहीं मुलांचे हालही केले आहेत. गाढवे, उंदरे, ढेकणे अशीं आडनांवें मोठ्यानें वाचलीं कीं वर्गांत खसखस पिकते, आणि तो मुलगा दहा वर्षें तें रोज सोसतो. अशीं कुटुंबें पुढें राजपत्रांत जाहिरात देऊन आडनांव बदलतात, आणि त्यांना नांवें ठेवणारे लोक घराण्याच्या अभिमानाची भाषा बोलूं लागतात. ज्यांच्या स्वतःच्या पूर्वजांनीं भानूचे फडणीस केले, त्यांनीं ही भाषा बोलूं नये हें बरें. स्त्रियांस तर लग्नाच्या दिवशीं सारें आडनांव टाकून द्यावें लागे, आणि घराण्याच्या अभिमानाचा प्रश्न तेव्हां कोणास पडत नसे. तसें करावेंच असें कोणताही कायदा सांगत नाहीं. पुष्कळ सुशिक्षित स्त्रिया आतां माहेरचें नांव ठेवतात, कांहीं दोन्हीं लावतात.

महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांकरितां नवा क्रम ठरविला आहे. सरकारी कागदांत प्रथम मुलाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें, आणि आडनांव सर्वांच्या शेवटीं.