गांवनकाशा आणि शाळेचा फोटो

मुंबई इलाख्यांत जमीनमोजणीची जी पद्धत पुढें रूढ झाली, तिचा आरंभ गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत केला. साखळी 33 फुटांची. तिच्या लांबीइतका चौरस तो गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. या मापानें शेत न् शेत नकाशावर उतरलें. गांवठाण मात्र बहुधा कोरेंच राहिलें. सारा शेतावर, घरांशीं सरकारला काय कर्तव्य?

ही उणीव शाळेचे जुने फोटो थोडीबहुत भरून काढतात. मधें गुरुजी, पुढें मांडी घालून बसलेलीं मुलें, एकाच्या हातीं पाटी आणि तीवर इयत्ता व साल. मागची भिंत, दाराची दिशा, कडेला डोकावणारें देवळाचें शिखर यांवरून शाळा गांवठाणांत कोठें होती तें पुष्कळदां ठरवितां येतें.

त्याच इंदापूर तालुक्यांतील जुनें पळसदेव उजनी धरणाच्या पाण्याखालीं गेलें. धरण 1980 सालीं पुरें झालें. पाणी फार ओसरलें म्हणजे देऊळ वर येतें. पण तेथें कोण कोठें राहत होतें, हें तें सांगत नाहीं. सांगणारीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत. अशा गांवचा फोटो ज्यांच्या घरीं असेल, त्यांनीं तो घेऊन वडीलधाऱ्यांपुढें बसावें, डावीकडून एकेक नांव विचारावें आणि नांवापुढें त्या घरच्या शेताचा सर्व्हे नंबर लिहावा. ज्याच्या घरीं शेतच नव्हतें, त्याचें नांव आधीं लिहावें; नकाशांत त्याला जागा मिळालेली नाहीं. लिहिणें पाठीमागें, मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें. शाई पुढें फुटते.