चकलीचं घड्याळ

मी गुरुग्रामहून बोलतेय. मूळची कोल्हापूरची, पण इकडे येऊन आता चौदा वर्षं झाली. बोलताना मधेच खुडबूड ऐकू आली किंवा घुंगरू वाजलं, तर सांभाळून घ्या. आजच्या विषयाची उत्सवमूर्ती टेबलाखालीच बसलीय.

तिचं नाव चकली. शेपटी अशी गोल वळलेली की दुसरं नाव सुचलंच नाही. आमच्या गेटवरचे हरियाणवी गार्डभैया तिला ‘चकरी’ म्हणतात. फिरायला जायची वेळ झाली की ती माझ्या पायांभोवती जे फेरे घालते, ते बघून मला वाटतं त्यांचंच बरोबर आहे. जात म्हणाल तर अस्सल गावठी. २०२०च्या नोव्हेंबरात शेजारच्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाऱ्यात सापडली, दोन महिन्यांची असेल.

मला विषय दिला होता, ‘कुत्र्यासोबत मोकळ्या हवेतली मजा’. मी आयोजकांना म्हटलं, अहो, दिल्लीच्या माणसासमोर ‘मोकळी हवा’ हा शब्द जरा जपून वापरा.

पण खरं सांगते, चकली येईपर्यंत मला हे शहर माहीतच नव्हतं. पहिली आठ वर्षं माझं गुरुग्राम म्हणजे ऑफिस, मेट्रो, मॉल आणि उड्डाणपूल. गणपतीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात एक चक्कर. गावी कुणी विचारलं तर मी सांगायची, इथे काही नाही हो, नुसत्या काचेच्या इमारती. आणि घरापासून पंधरा मिनिटांवर अरवली होती! भारतातल्या सगळ्यात जुन्या डोंगररांगांपैकी एक. सह्याद्रीच्या माणसाला ती टेकाडंच वाटतात, मलाही वाटली. पण पहाटे त्या टेकाडावर मोर ओरडायला लागले, समोरून नीलगाय रस्ता ओलांडून गेली, आणि चकली एक पाय वर धरून पुतळ्यासारखी थांबली, तेव्हा कोल्हापूर सोडल्यापासून पहिल्यांदा मला परक्या गावात असल्यासारखं वाटलं नाही.

इथल्या रानात सगळीकडे विलायती कीकर. तीच आपली वेडी बाभूळ. इंग्रजांच्या काळात दिल्लीच्या टेकड्यांवर लावली आणि मग तिने बाकीच्या झाडांना जागाच ठेवली नाही. तिचा काटा कुत्र्याच्या पंजात शिरला की बाहेरून दिसत नाही. नुसतं लंगडणं सुरू होतं. म्हणून घरी आल्यावर आमचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. चकली आडवी, चारही पंजे माझ्या हातात, बोटांच्या मधली जागा, कानांची आतली बाजू, काखा. काटे, कुसळं, गोचिडी. पाच मिनिटांचं काम, पण ते चुकवायचं नाही. गवताचं एक कुसळ कानात शिरलं तर आठवडाभर दवाखाना होतो, हे अनुभवाचे बोल आहेत.

काही जागी मी तिला नेत नाही. गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्याला मांगर बनी म्हणून देवराई आहे. आपल्याकडच्या देवरायांसारखीच, गुर्जर गावांनी राखलेली, फांदीही तोडायची नाही असा दंडक. तिथे धौ नावाची झाडं उभी आहेत, आपल्या धावड्याचे भाऊबंद. मी तिथे एकटी जाते. एक तर ती देवाची जागा. दुसरं म्हणजे या डोंगरात बिबटे आहेत, आणि बिबट्याला कुत्रा फार आवडतो. जवळच्या असोला भट्टीसारख्या अभयारण्यात तर पाळीव कुत्रा नेण्याचा प्रश्नच नाही. तो तिथल्या प्राण्यांना आजार देऊ शकतो, त्यांच्याकडून घेऊही शकतो. बाकी बागांचे नियम वेगवेगळे असतात आणि बदलतातही, तेव्हा दारावर विचारून आत जावं. आणि दोरी कायम हातात.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगायला मला अजून जड जातं.

मे २०२४. त्या उन्हाळ्यात दिल्ली कशी तापली होती ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. २९ मे रोजी सफदरजंगला ४६.८ अंशांची नोंद झाली. त्याच्या काही दिवस आधीची ही गोष्ट. दिवसभर चकली घरात एसीत लोळून कंटाळली होती. मीही. संध्याकाळी साडेसहा वाजले, ऊन उतरलं, म्हटलं चला. नवरा म्हणाला, अजून झळा आहेत गं. मी म्हटलं, अर्ध्या तासात येतो.

माझी चूक काय झाली? मी आकाशाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं नाही. ऊन उतरलं तरी दिवसभर तापलेला अरवलीचा दगड तव्यासारखा उष्णता सोडत असतो. आपण त्याच्यापासून पाच फूट वर आणि पायात बूट. तिचं पोट त्या दगडापासून दीड फुटावर. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. आणि आत ओढायची हवाच गरम असेल तर धापा टाकून तरी काय होणार?

वीस मिनिटं ती माझ्यासोबत चालली. आनंदाने चालली, हे मला विसरता येत नाही. मग तिची लाळ घट्ट, दोऱ्यासारखी लोंबायला लागली. हिरड्या लालभडक दिसल्या. मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती बसली. बसली म्हणजे पडलीच. मी हाक मारली तर नजर माझ्याकडे, पण ओळख नाही.

माझ्याकडे पाण्याची एक बाटली होती. ती पोटावर, काखेत, मांड्यांच्या मधे ओतली. सोळा किलोचा जीव उचलून गाडीपर्यंत कशी आले मला माहीत नाही. टेकडीच्या पायथ्याला एक पाण्याचा टँकर उभा होता. चालक मेवातचा होता. मी काही बोलायच्या आत त्याने नळी सोडली आणि म्हणाला, “पहले ठंडा करो दीदी, फिर भागना.” त्या माणसाला हे कुणी शिकवलं असेल, देव जाणे. पण पुढे डॉक्टर नेमकं हेच म्हणाल्या. आधी अंग निववायचं, मग निघायचं. पाणी ओतत राहायचं, वारा घालत राहायचं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, तो तापतो आणि आतली उष्णता कोंडून धरतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ताप १०६. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. पण १०६ला आतले अवयव शिजायला सुरुवात होते. हा शब्द माझा नाही, डॉक्टरांचा. दोन दिवस सलाईन, दर काही तासांनी रक्त, मूत्रपिंडाचे आकडे. मी तिथल्या बाकावर बसून होते. तिसऱ्या दिवशी तिने शेपटीचं टोक हलवलं. फक्त टोक.

सोडताना डॉक्टरबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, “ती थांबणार नाही. तुम्ही चालत असाल तोवर ती चालेल. थांबायचं तुम्ही आहे.”

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक माझं, एक चकलीचं. आणि तिचं घड्याळ दिल्लीच्या ऋतूंवर चालतं.

एप्रिल ते जून पहाटे पाचला बाहेर, सव्वासहाला घरात. संध्याकाळी फक्त खाली, कामापुरतं. आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसलं नाही तर तिच्या पायालाही सोसणार नाही. पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री असतील त्यांनी याहूनही जपावं, त्यांना धापा टाकणंच नीट जमत नाही. जुलैत पारा उतरतो म्हणून फसू नका, दमट हवेत धापांचा उपयोग कमी होतो. आणि नोव्हेंबर आला की सगळं घड्याळ उलटं! इथे मराठी पाहुणे येतात आणि सकाळी लवकर उठून फिरायला निघतात, पुण्यात निघतात तसे. मी त्यांना अडवते. थंडीत पहाटे जड गार हवा जमिनीलगत बसते, वर उबदार हवेचं झाकण, आणि सगळा धूर त्याखाली. तेव्हा आम्ही दुपारी बारानंतर जातो. २०२४च्या नोव्हेंबरात हवेचा निर्देशांक साडेचारशेच्या वर गेला होता, त्या दिवसांत तर गेलोच नाही. जुन्या चादरीच्या घड्यांत खाऊ लपवायचा आणि तिला हुंगून शोधायला लावायचं. पाऊण तास चालते ही चोरी-शिपाई, आणि नंतर ती अशी झोपते जणू डोंगर चढून आलीय.

पावसाळ्याचं दुखणं म्हणजे गोचिडी. दर महिन्याचं औषध एकदा माझ्याकडून राहिलं, आणि चकली सुस्त झाली. हिरड्या फिक्या. रक्त तपासलं तर गोचीडताप, प्लेटलेट उतरलेल्या. वेळेत कळलं म्हणून निभावलं. तुम्हाला विनंती, अशा वेळी घरातली माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. आपल्याला साधी वाटणारी गोळी त्यांच्या यकृता-मूत्रपिंडाला महागात पडते.

आणि वजन! माझी आई कोल्हापूरहून दोन महिने राहायला आली होती. तिची नात इथे हॉस्टेलमध्ये, मग सगळी माया चकलीवर. नामदेव महाराज कुत्र्याने पळवलेल्या कोरड्या पोळीमागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आईने लहानपणी मला सांगितली होती. आता ती प्रत्यक्षात करून दाखवत होती. दोन महिन्यांत सोळाची साडेअठरा किलो झाली. डॉक्टर म्हणाल्या, तूप बंद. आई म्हणाली, “तुमच्या डॉक्टरला नामदेव ठाऊक नाहीत.” खरं तर नामदेवांनी उत्तरेतच, पंजाबात घुमानला, मोठा काळ काढला. पण त्यांच्या गोष्टीतला कुत्रा दिवसभर उन्हातान्हात धावणारा होता, चौदाव्या मजल्यावर एसीत लोळणारा नव्हता. असं सांगितल्यावर आईला पटलं. निदान मी बघत असताना तरी. घरी तपासायची सोपी खूण सांगते. कुत्र्याच्या फासळ्यांवरून हात फिरवा. आपल्या सरळ पंजाच्या मागच्या बाजूसारखं लागलं तर ठीक. तळव्यासारखं मऊ लागलं तर जास्त. आवळलेल्या मुठीच्या गाठींसारखं लागलं तर कमी.

ऑगस्ट २०२५ बद्दल बोलल्याशिवाय दिल्लीतल्या कुत्र्याची गोष्ट पुरी होत नाही. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. २२ तारखेला मोठ्या पीठाने तो बदलला. नसबंदी, लसीकरण करून त्याच भागात परत सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळून. मधले अकरा दिवस मी नीट झोपले नाही. चकलीच्या अंगावर ‘पाळीव’ असं लिहिलेलं नाही. रस्त्यावरच्या तिच्या बहिणीत आणि तिच्यात फरक फक्त पट्ट्याचा. नोंदणीचा कागद, रेबीजच्या लसीचं पुस्तक, पट्ट्यावर माझा नंबर, सगळं घेऊन आम्ही फिरत होतो.

त्याच दिवसांत एकदा बागेत एक बाई लेकराला कडेवर उचलून घेऊन बाजूला झाल्या. मी सवयीने म्हटलं, काही करत नाही हो ती. त्या म्हणाल्या, “असंच म्हणाले होते सगळे.” मुलाच्या पोटरीवर टाक्यांची खूण होती. मी काय बोलणार? तेव्हापासून ‘काही करत नाही’ हे वाक्य मी सोडून दिलंय. समोरून लहान मूल आलं की मी दोरी आखडते, रस्त्याच्या कडेला थांबते, चकलीला खाली बसवते. ते मूल पुढे गेलं की आम्ही निघतो. पुढे कधीतरी तो मुलगा लांबूनच ‘चकरी’ म्हणून हात हलवायला लागला. त्याची आई अजून हलवत नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आम्ही तिला पहाडात नेलं. मेरठ, बिजनौर, नजीबाबाद, कोटद्वार करत लॅन्सडाउन. गढवाल रायफल्सचं ठाणं. निघायच्या चार तास आधी तिचं जेवण बंद, दर दोन तासांनी गाडी थांबवायची, आणि एसी चालू असला तरी बंद गाडीत तिला एकटं सोडायचं नाही. कोटद्वारनंतरच्या वळणांवर उलटी झाली ती नवऱ्याला. चकली खिडकीला नाक लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिडाच्या झाडांतून चाललो होतो. खाली सुकलेल्या सुयांचा गालिचा, पाय घसरत होते. समोर बर्फाची शिखरं. नवरा म्हणाला, कुत्र्याला घेऊन हिमालयात यायची आपली परंपरा धर्मराजापासूनची. मी फोटो काढायला थांबले आणि काढतच राहिले. खाली बघितलं तर चकली बसलेली. धापा नाहीत, लंगडणं नाही, नुसती थांबलेली. मी दोन पावलं पुढे टाकली, ती उठली नाही. परत येऊन तिच्या शेजारी बसले. पंजे बघितले, हिरड्या बघितल्या, सगळं ठीक. तिला फक्त तिथे बसायचं होतं. दीड वर्षापूर्वी ती माझ्यासाठी थांबली नव्हती, आज स्वतःसाठी थांबली. तासभर बसलो. नवऱ्याने थर्मासमधला चहा संपवला आणि झोपला.

आता होळी झाली. तिच्या उजव्या कानाला अजून थोडा गुलाल आहे, आमच्या गार्डभैयांचं काम. कालच गजर बदलला, सहाचा साडेपाच केला. एप्रिल लागला की पावणेपाच. आणि हे बघा, मी ‘गजर’ म्हटल्याबरोबर टेबलाखालून कोण बाहेर आलं! मंडळी, आता मला उठावंच लागेल. नमस्कार.