लाल द्राक्षासवाचा पेला

नेवासें म्हटलें कीं मराठी माणसाच्या मनांत प्रथम पैस खांब उभा राहतो आणि मग ज्ञानेश्वरी आठवते. परंतु प्रवरेच्या कांठच्या या गांवानें आपल्या पोटांत आणखीहि एक जुनी कथा जपून ठेवली होती. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथील लाडमोड टेकडीचें उत्खनन केलें. तेव्हां सातवाहनांच्या काळच्या थरांत भूमध्य समुद्राकडील घाटाच्या दोनकानी मातीच्या कुंभांचे तुकडे त्यांना मिळाले. असले कुंभ परदेशीं मुख्यतः द्राक्षाची मदिरा आणि तेल भरण्यासाठीं वापरीत. भारतांत सांपडलेल्या अशा तुकड्यांपैकीं कांहीं भूमध्य समुद्राकडचे नसून इराकच्या बाजूचे असावेत, असेंहि पुढें संशोधकांनीं दाखविलें आहे. तरी समुद्रापलीकडचा माल बैलगाडीच्या वाटेनें अहिल्यानगर जिल्ह्याच्या या भागापर्यंत येत होता, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते.

पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मद्य आहे, आणि इटलीच्या मद्याला तेथें अधिक पसंती असे, असेंहि ग्रंथकार नमूद करतो. त्याच यादींत कच्ची कांचहि आहे. म्हणजे द्राक्षाचा रस आणि कांच या दोन वस्तू एकाच गलबतांतून या देशीं आल्या. आज दोन हजार वर्षांनंतर त्यांची गांठ पुन्हां पडली आहे. महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें धोरण जाहीर केलें, शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत वाइनचे कारखाने वाढले, आणि नगरकडील बागाईतदारांच्या घरींहि एखादी बाटली भेट म्हणून येऊं लागली. बाटली आली म्हणजे ती कशांत ओतावी हा प्रश्न ओघानेंच येतो.

या जिल्ह्यांत मात्र तो प्रश्न केवळ शोभेचा राहत नाहीं. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी हें गांव दारूच्या भट्ट्या बंद करून सावरलें, हें सर्वांस ठाऊक आहे. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां अण्णा हजारे यांनीं त्याविरुद्ध उपोषण जाहीर केलें. पुढें फेब्रुवारींत गांवच्या ग्रामसभेनंतर तें स्थगित झालें. द्राक्षाला भाव मिळावा ही एक बाजू आणि दारूनें मोडलेले संसार ही दुसरी. कित्येक घरांत या दोन्ही बाजू एकाच माजघरांत बसलेल्या असतात. मुलगा नाशिकहून बाटली आणतो आणि त्याच्या आईच्या डोळ्यांपुढें आपल्या माहेरच्या शेजारचें एखादें उध्वस्त घर उभें राहतें. अशा घरांत पेला निवडतांना चवीबरोबर प्रमाणाचाहि विचार झाला पाहिजे.

प्रथम कांचेच्या जातीचा विचार करूं जातां असें दिसतें कीं, 'क्रिस्टल' या नांवाखालीं दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. इंग्लंडांत जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यानें १६७४ सालीं अशा कांचेचें पेटंट घेतलें, आणि लवकरच तींत शिशाचें भस्म मिसळून तो ती करूं लागला. शिशामुळें कांच जड होते, तेजस्वी दिसते, कांपण्यास सोपी जाते आणि टिचकी मारल्यास घंटेसारखा लांबत जाणारा नाद देते. युरोपांत १९६९ च्या नियमानें ज्या कांचेंत निदान २४ टक्के शिशाचें भस्म आहे तिलाच शिशाचें क्रिस्टल म्हणण्याची मुभा मिळाली. दुसरी जात अलीकडची. तींत शिशाऐवजीं बेरियम, जस्त किंवा टिटॅनियम यांचीं संयुगें घालतात. ती हलकी पण कणखर असते आणि तिची कड फार पातळ काढतां येते.

या दोहोंत दुसरीच घ्यावी. शिसें हें विष आहे, आणि आंबट पेयांत तें हळूहळू उतरतें. १९९१ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत शिशाच्या क्रिस्टलच्या सुरईंत चार महिने ठेवलेल्या मद्यांतील शिसें कित्येक पटींनीं वाढलेलें आढळलें. पेल्यांत मद्य घटकाभरच असतें, म्हणून धोका त्या मानानें थोडा; परंतु जुन्या बाजारांतून घेतलेल्या नक्षीदार सुरईंत पेय सांठवून ठेवणें सर्वथा टाळावें. गरोदर स्त्रिया आणि मुलें यांच्या पाण्यासाठींहि असलीं भांडीं वापरूं नयेत. नक्षीविरुद्ध आणखी एक कारण आहे. लाल द्राक्षासवाचा रंग ही त्याची अर्धी ओळख होय, आणि पैलू पाडलेल्या कांचेंतून तो रंग नीट दिसत नाहीं. पेला साधा, नितळ, बिनरंगी असावा. पांढऱ्या कागदापुढें धरल्यास कागद पांढराच दिसला पाहिजे.

त्यानंतर घाट. पोट रुंद आणि तोंड किंचित् आंत वळलेलें, म्हणजे अंड्याचें टोंक कापल्यासारखा आकार, हा लाल मद्यास उत्तम. रुंद पोटांत पेय हवेशीं अधिक मिसळतें. मिटत्या तोंडाशीं सुवास अडून राहतो. १९७३ सालीं ऑस्ट्रियांतील रीडेल या घराण्यानें द्राक्षाच्या जातीगणिक निरनिराळे पेले काढले आणि त्यांचा जगभर बोलबाला झाला. अमुक आकार मद्याला जिभेच्या अमुक भागावर नेतो, असेंहि त्या वेळीं सांगत. परंतु गोड, आंबट, कडू यांसाठीं जिभेवर स्वतंत्र प्रांत असतात ही कल्पनाच खोटी ठरली आहे. खरा परिणाम होतो तो वासावर. २०१५ सालीं टोकियोंतील संशोधकांनीं पेल्याच्या तोंडावरील वाफेचें चित्रण करून दाखविलें कीं, वाइनच्या पेल्यांत मद्यार्काची वाफ कडेशीं वलयासारखी जमते आणि मध्यभागीं ती विरळ असते. तेथेंच नाकाला फळाचा वास निर्भेळ मिळतो. म्हणून एका घराला एकच चांगला घाट पुरतो. सहा जातींचे सहा संच घेण्याचें कारण नाहीं.

विकत घेतांना चार गोष्टी हातांनीं तपासाव्यात. कडेवरून बोट फिरवावें. ती पातळ आणि गुळगुळीत असावी, गोट वळल्यासारखी फुगीर नसावी. दांडीवर सांध्याची रेघ दिसल्यास पेला सांच्यांतला समजावा. तो टाकाऊ नव्हे, पण त्याची किंमत कमी असली पाहिजे. सपाट फळीवर ठेवून बैठक डुगडुगत नाहीं ना हें पाहावें. शेवटीं दांडी धरून पाहावी, कारण दांडीचा उपयोग शोभेपुरता नाहीं. लाल मद्य १५ ते १८ अंशांवर चांगलें लागतें, आणि नगरचा उन्हाळा ४० अंशांवर जातो. पोटाला तळहात लागला कीं पेय लगेच तापतें. बाटलीहि ओतण्यापूर्वीं थोडा वेळ शीतकपाटांत ठेवावी लागते.

आतां सर्वांत महत्त्वाचें, म्हणजे माप. केंब्रिजच्या संशोधकांनीं २०१७ सालीं इंग्लंडांतील जुने-नवे पेले मोजून पाहिले. १७०० च्या सुमारास सरासरी पेल्यांत ६६ मिलिलिटर मावत असे. आतां ४४९ मावतें. मोठें पोट वासासाठीं उपकारक खरें, परंतु तेंच फसवितें. सहाशें मिलिलिटरच्या पेल्यांत अर्ध्यापर्यंत ओतलें तर पाहणाऱ्याला तें थोडें वाटतें. प्रत्यक्षांत तें ३०० मिलिलिटर, म्हणजे दोन मापें असतात. ७५० मिलिलिटरच्या बाटलींत १५० चीं पांचच मापें निघतात, आणि १२ टक्क्यांच्या मद्याच्या एका मापांत सुमारें १४ ग्रॅम मद्यार्क असतो. यास्तव घरासाठीं ३५० मिलिलिटरच्या आसपासचा पेला पुरे. तो आणल्यावर एकदां मापानें पाणी ओतून १५० ची रेघ पोटावर कोठें येते तें घरांतील सर्वांनीं पाहून ठेवावें. मद्याचें कोणतेंहि प्रमाण पूर्णपणें निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. ती रेघ कमी पिण्यासाठीं आहे, पिण्याचा परवाना म्हणून नव्हे.

निगा सोपी आहे. या भागांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें आणि वाळतांना कांचेवर पांढरे डाग सोडतें. शेवटचा हात गाळलेल्या गरम पाण्याचा द्यावा आणि जुन्या धोतराच्या मऊ सुती फडक्यानें लगेच पुसावें. पुसतांना पोट एका हातांत आणि बैठक दुसऱ्या हातांत धरून पिळूं नये. बहुतेक दांड्या अशाच मोडतात. मसाल्याच्या किंवा कापराच्या कपाटांत पेले ठेवूं नयेत, आणि पालथेहि घालूं नयेत. फळीचा वास आंत कोंडतो.

कांच हा उद्योग महाराष्ट्राला परका नाहीं. एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसाफंडानें १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना काढला, आणि ओगलेवाडीच्या कांचेनें खेड्यापाड्यांत प्रभाकर कंदील लावले. कंदिलाची कांच पारदर्शक असे ती आंतली ज्योत दिसावी म्हणून. पेल्याची नितळ कांचहि तेंच काम करते. आंत काय आहे आणि किती आहे तें ती लपवीत नाहीं. ज्या घरांत आईचा धाक आणि मुलाची हौस एकत्र नांदतात, तेथें जड नक्षीच्या पेल्यापेक्षां हा साधा, मापाचा पेला शोभतो. आणि त्या घरानें त्यांत केवळ पाणी किंवा द्राक्षाचा ताजा रस ओतावयाचें ठरविलें, तरी पेल्याची निवड चुकली असें कोणी म्हणणार नाहीं.