किल्ल्यापर्यंत पायी



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान माणसे येतात. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, काही वर्षे धानाच्या गिरणीत पोती वाहिली आणि पुढे बिडी कामगारांच्या युनियनचे काम अंगावर घेतले. वाचन झाले ते वाचनालयात आणि एस.टी.च्या थांब्यावर. चालकांनी विचारले, "यंदा कशावर बोलता?" मी किमान वेतनावर बोलेन, असे त्यांना वाटले असावे. मी म्हटले, "चालण्यावर बोलतो." ते हसले. पण विषय थट्टेचा नाही, हे तासाभरात आपल्याला पटावे असा माझा प्रयत्न आहे.

आपल्या लाखनीपासून सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल एवढ्या टापूत लढायांच्या खुणा जागोजाग पडल्या आहेत. गडकोट म्हटले की आपल्याला सह्याद्री आठवतो. आपल्याकडे काय आहे, तर धान, तलाव आणि मोहाची झाडे, असे आपण धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे. शिवाय आपल्याकडच्या या जागा चालायला सोप्या आहेत. दोर नको, मोठा खर्च नको. पायांत धड वहाणा, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकर एवढे पुरे.

प्रथम घराजवळची वाट घ्या. साकोलीच्या दक्षिणेला सानगडी आहे. तिथल्या किल्ल्याला सहानगड म्हणतात. किल्ला गावाला लागून आहे, म्हातारा माणूसही विसावत विसावत चढून जाईल. बुरुज ढासळले आहेत, भिंतींतून झाडे निघाली आहेत. वर उभे राहिले की खाली धानाच्या बांध्या आणि त्यांच्यामध्ये चकाकणारे पाणी दिसते. ज्याने कधी चालण्याची सवय केली नाही त्याने इथून आरंभ करावा.

दुसरी वाट पवनीची. हे गाव वैनगंगेच्या काठावर आहे आणि त्याला जुना कोट, खंदक व दरवाजा आहे. नागपूरजवळ सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली. भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या मुठीत गेले आणि १८१८ साली इंग्रजी फौजेने पवनीचा किल्ला हल्ला करून घेतला. कोटाच्या कडेने चालत नदीच्या घाटापर्यंत जायचे, म्हणजे वाट सारी सपाटीची. पण पवनीत आणखी एक गोष्ट आहे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि मातीखालून बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. म्हणजे एकाच सकाळी तलवारीची खूण पाहायची आणि जिथे तलवारीला काम नव्हते ती जागाही पाहायची. असा योग फार थोड्या गावांत येतो.

तिसरी वाट गोंदियाच्या पलीकडची. कामठा आणि बिरसी ही जवळजवळची गावे. नागपूरजवळच्या कामठीशी या कामठ्याचा घोळ करू नका. इथला जमीनदार चिमणा पटेल १८१८ साली इंग्रजांविरुद्ध उठला. कॅप्टन गॉर्डन फौज घेऊन आला, किल्ला पडला, चिमणा पटेल कैद झाला. सव्वाशे वर्षे उलटत आली तेव्हा, म्हणजे १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्याच इंग्रजांनी बिरसीला विमानांसाठी धावपट्टी बांधली. आज तिथे विमानतळ आहे, त्यामुळे आत हिंडता येत नाही, कुंपणाबाहेरच्या रस्त्यानेच चालावे. पण घोडदळाचे युद्ध आणि विमानांचे युद्ध एका शिवारात शेजारी नांदताना पाहायचे असेल, तर दूर परदेशी जाण्याचे कारण नाही.

चौथी वाट अंबागडची. माझ्या आजच्या बोलण्याचे मूळ तिथे आहे, म्हणून ती मुद्दाम शेवटी ठेवली. तुमसरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानीत, १७०० च्या सुमारास, राजाखान नावाच्या सुभेदाराने तो बांधला. पुढे भोसल्यांच्या काळी त्याचा तुरुंग झाला. कैद्यांना वरच्या विहिरीचे सडके पाणी पिण्यास लावीत आणि ते त्यातच संपत, असे सांगतात.

बरीच वर्षे झाली. तुमसरला युनियनची सभा होती. दुसऱ्या दिवशी मी तीस-एक बिडीवाल्या बायांना अंबागडला घेऊन गेलो. दिवस थंडीचे होते. मी रात्र जागून टिपण काढले होते. दरवाजात उभा राहून बख्त बुलंद, राजाखान, रघुजी भोसले असा सारा इतिहास सांगू लागलो. अर्ध्या तासाने पाहतो तो निम्म्या बाया सावलीला बसलेल्या, दोघी-तिघी सरपण वेचताना. मला राग आला. तेवढ्यात एक वयस्क बाई तटाच्या दगडावर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, हे येवढाले गोटे वर कोनं नेले जी? अन् त्यायले रोजी भेटली का?"

मंडळी, मी युनियनचा माणूस. रोजीचा प्रश्न विचारण्यात माझे आयुष्य गेले. पण तो प्रश्न मला किल्ल्यावर सुचला नाही, तो त्या बाईला सुचला. मी निरुत्तर झालो, कारण माझ्या टिपणात बांधणाऱ्यांपैकी एकाचेही नाव नव्हते. ते कोणत्याच पुस्तकात मला आजवर सापडलेले नाही.

त्या दिवसापासून मी या जागा निराळ्या नजरेने पाहू लागलो. पवनीचा खंदक पाहिला की विचारतो, ही माती कोणाच्या डोक्यावरून गेली? बिरसीच्या धावपट्टीकडे पाहिले की मनात येते, ती गिट्टी कोणी फोडली असेल? अंबागडाहून तुमसर तालुक्याच्या मॅंगनीज खाणी फार दूर नाहीत. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही नावे आपण ऐकली आहेत. मॅंगनीजवाचून चांगले पोलाद होत नाही आणि पोलादावाचून तोफ होत नाही. दोन्ही महायुद्धांत जगाची पोलादाची भूक वाढली, तेव्हा या भागातले मॅंगनीज आगगाडीने बंदराकडे आणि तिथून समुद्रापार जात होते. ते खणण्यात, निवडण्यात आणि टोपल्यांनी वाहण्यात आपल्या गोंड, दलित, कुणबी घरांतले पुरुष होते आणि बायाही होत्या. १९६२ साली 'मॉइल' ही कंपनी निघाली, पुढे त्या खाणी तिच्याकडे आल्या. युरोपातल्या रणांगणांवर दगडांत कोरलेली नावे आहेत. आपल्या खाणीच्या काठावर तसा दगड मी पाहिला नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही हिंडण्याच्या गोष्टीत युनियन आणता. मी आणत नाही, ती तिथे आधीच आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तुमसरला पोलिसांनी गोळीबार केला, माणसे पडली. अंबागडला जाताना तुमसरला उतरावेच लागते. तेव्हा त्या हुतात्म्यांना आधी नमस्कार करावा आणि मग पुढची गाडी धरावी. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथे २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला आणि कामगार प्राणाला मुकले. ती काही पाहायला जाण्याची जागा नव्हे. पण युद्धाचा वारसा म्हणजे पडका बुरुजच, असे जो समजतो, त्याने हे ध्यानात ठेवावे. युद्ध सीमेवर होते, त्याचे सामान गावाजवळ होते आणि त्या सामानाची किंमत काही घरे देतात.

आता दुसरी बाजू. बिडीवाल्या बाया त्या दिवशी गडावर आल्या, त्यांच्यातल्या बहुतेकींनी तोवर एकही किल्ला पाहिलेला नव्हता. का? वाट अवघड म्हणून नव्हे. वेळ नाही म्हणून. पाने कापा, तंबाखू भरा, दोरा बांधा, संध्याकाळी सट्टेदाराकडे मोजून द्या. मोबदला हजार बिड्यांवर. एक दिवस हिंडलो की तेवढ्या बिड्या कमी, म्हणजे तेवढे पैसे कमी. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी दिली. १९६६ साली बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, त्यातही सुट्टी होती. कागदावरची ही सुट्टी घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईच्या अंगणात क्वचितच उतरली. माझीही चूक मी कबूल करतो. मी वर्षानुवर्षे या बायांना मोर्चाला बोलावले, धरण्याला बसवले. एक दिवस नुसते मोकळ्या हवेत चालू, असे मी त्यांना एकदाच म्हणालो. सुट्टी मिळवण्यासाठी आम्ही भांडलो, पण सुट्टीचे काय करायचे हे आम्ही शिकलो नाही व शिकवलेही नाही.

म्हणून आजची माझी मागणी सरकारकडे नाही, ती या सभागृहाकडे आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत, महिन्यातून एकदा, आपण गावकऱ्यांनी मिळून पायी निघावे. शिक्षक, दुकानदार, गिरणीतला हमाल, बिडीवाली बाई, सारी एका रांगेत. ज्याची रोजी बुडते त्याच्यासाठी आपण वर्गणीची पेटी ठेवू. २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकट प्रवास आहे. तेव्हा आजीलाही घरी ठेवण्याचे कारण उरत नाही.

चार सूचना करतो. उन्हाळ्यात हे धाडस नको. निघायचेच असेल तर उजाडण्यापूर्वी निघा आणि नऊच्या आत सावली गाठा, कारण आपल्याकडचे ऊन कोणाची भीड ठेवत नाही. जंगलाला लागून वाट असेल तर एकटे जाऊ नका. मोह आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत वाघाशी गाठ पडून माणसे गेली आहेत. खाणीच्या हद्दीत परवानगीवाचून पाऊल टाकू नका. आणि तटावर खिळ्याने नाव कोरू नका. ज्यांनी तो दगड वर नेला त्यांचे नाव तिथे नाही, मग आपले कशाला?

एक काम मात्र करा. परत आल्यावर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आजा-पणजा खाणीत होता का, धावपट्टीच्या कामावर होता का, फौजेत गेला होता का. जे सांगतील ते वहीत लिहा. अक्षर चांगले नसले तरी चालेल, माझेही नाही. नावे सापडतील तेवढी सापडतील. त्या बाईच्या प्रश्नाला मला अजून पुरते उत्तर देता आलेले नाही. ती आता हयात नाही, पण प्रश्न आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पहाटेच्या गाडीने आपण अंबागडला जाऊ. मी लाखनीच्या थांब्यावर उभा असेन. या वेळी टिपण आणणार नाही, कोरी वही आणीन.