आपल्या नावाने झाडलेल्या गोळीचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘चकमकीत आरोपी ठार’ या बातमीतली हकीकत बहुधा ठरलेली असते. आरोपीने शस्त्र हिसकावले, पोलिसांवर गोळी झाडली, पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी गोळीबार केला. दुसरी बाजू सांगू शकणारा माणूस मेलेला असतो. ही हकीकत खरी असूही शकते. पण खरी की खोटी हे ठरवायला तपास लागतो, आणि तो तपास मागणे हे स्त्री चळवळीचेही काम आहे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

बलात्काराच्या आरोपीसाठी आपण कशाला भांडायचे, असे तुमच्यापैकी काहीजणींच्या मनात येईल. वस्तीतल्या बायकाही आपल्याला हेच विचारतात. त्यांचा संताप खोटा नाही. वर्षानुवर्षे तारखा पडत राहतात, तेव्हा गोळी हाच न्याय वाटू लागतो. पण आपली चळवळ कुठून उभी राहिली ते आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात काय घडले याविषयी पोलिसांचाच शब्द अखेरचा मानायचा नाही, हे आपण तेव्हा शिकलो. ताब्यातल्या बाईसाठी हा नियम लावायचा आणि ताब्यातल्या पुरुषासाठी सोडून द्यायचा, असे करता येणार नाही.

६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे हैदराबादजवळ चट्टनपल्ली इथे बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, बायकांनी राख्या बांधल्या. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती रेखा बलदोटा त्यात होत्या. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अहवालाने पोलिसांची हकीकत अविश्वसनीय ठरवली. गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या, मेलेल्यांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असे आयोगाने म्हटले.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. लोकांनी रेल्वे रोखली, तेव्हा यंत्रणा हलली. २३ सप्टेंबर २०२४ रोजी आरोपीला तळोजा तुरुंगातून नेत असताना पोलिसांच्या गाडीत गोळी लागून तो मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असे पोलिसांनी सांगितले. मुंबईत ‘बदला पूरा’ असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरले होते, आणि पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नसल्याचे नमूद होते. फेब्रुवारीत आरोपीच्या आईवडिलांनी आपल्याला प्रकरण पुढे चालवायचे नाही असे न्यायालयाला सांगितले. तरी न्यायालयाने ते सोडले नाही आणि एप्रिलमध्ये विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला.

यात त्या मुलींना काय मिळाले? आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. पुरावा तपासला जात नाही, निकाल लागत नाही. शाळेत देखरेख का नव्हती, तक्रार घ्यायला उशीर का झाला, हे प्रश्न मागे पडतात. ज्या यंत्रणेने मुलींची दाद वेळेवर घेतली नाही, तीच एका गोळीने तारणहार ठरते. स्त्रियांची सुरक्षितता अशी मिळत नाही.

या मृत्यूच्या बरोबर दहा वर्षे आधी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. मुंबईतल्या चकमकींवरूनच तो खटला उभा राहिला होता. आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला त्यातले निदान एवढे पाठ हवे :

१. गुन्हा नोंदवून त्याची प्रत लगेच न्यायालयाकडे गेली पाहिजे. बरेचदा फक्त मेलेल्यावरच गुन्हा नोंदवला जातो, म्हणून प्रत मिळवून नीट वाचा.

२. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. गोळी झाडणाऱ्यांच्या ठाण्याने नाही.

३. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातील दोन डॉक्टरांनी करायचे आणि त्याचे चित्रीकरण करायचे. गोळी जवळून लागली की लांबून, पुढून की मागून, हे जखमेवरून कळते.

४. पोलिसांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी जमा करायची. रक्ताची माती, ठसे, काडतुसे जपून ठेवायची.

५. दंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची आहे. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचे.

६. घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही.

७. हे पाळले नाही तर कुटुंब सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करू शकते.

कागद किती कामाला येतो ते वर्सोव्याच्या प्रकरणात दिसले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी एका माणसाला वाशीतून उचलले आणि त्याच रात्री तो ‘चकमकीत’ मेला. त्याचा भाऊ वकील होता. भावाला पळवून नेले आहे, अशा तारा त्याने त्याच दिवशी वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवल्या होत्या. मृत्यूच्या आधीची ती वेळ पुढे पुरावा ठरली. बरोबर उचललेला मित्र २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. तरी २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना जन्मठेप दिली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, आधी सुटलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाही दोषी ठरवले. सतरा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि घरात वकील होता.

वस्तीतल्या कुटुंबात वकील नसतो. मेलेल्याची आई किंवा बायको एकटी ठाण्याच्या पायऱ्या चढते. शेजारी तोंड फिरवतात, मजुरी बुडते, दबाव येतो. अशा बाईबरोबर जाणे, तिचा अर्ज लिहून पोच घेणे, शवविच्छेदनाचा अहवाल मागणे, साक्षीदारांना आधार देणे, हे आपल्याला जमते. अत्याचारित मुलींसाठी आपण हेच करतो. दोन्हीकडे उभे राहण्यात विसंगती नाही.

यापुढे मोर्चात ‘आरोपीला आमच्या ताब्यात द्या’ अशी घोषणा उठली, तर आपण तिच्या जागी दुसरी घोषणा देऊ. तक्रार वेळेवर घ्या, तपास नीट करा, खटला लवकर चालवा, आणि आमच्या नावाने गोळी झाडली असेल तर तिचा हिशेब आम्हाला द्या.