बोलणे पुढे, संगीत मागे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा मंडळाने मला बोलायला उभे केले याचे कारण एवढेच, की घरच्या कार्यांचे फोनवर घेतलेले व्हिडिओ जोडून देण्याचा मला नाद आहे. आमच्या गल्लीतली कितीतरी बारशी नि डोहाळजेवणे माझ्या हातून गेली आहेत. शिक्षण माझे सातवीपर्यंतचे. तेव्हा फार शास्त्र सांगण्याचा आव आणीत नाही. हाताला आणि कानाला जे कळले ते सांगते. विषय तसा लहान आहे. व्हिडिओत मागे संगीत किती असावे आणि माणसाचे बोलणे किती ऐकू यावे, एवढाच.

आपण सगळ्याजणी कीर्तनाला बसतो. बुवा निरूपण करीत असतात तेव्हा मृदंग गप्प असतो. टाळकरी टाळ हातात दाबून उभे असतात. पेटीवाला फार तर सूर धरून ठेवतो. अभंगाचा चरण आला, की मग सगळे एकदम उठते. बुवा दृष्टांत सांगत असताना एखाद्याने टाळ बडवायला सुरुवात केली, तर त्याला आपण काय म्हणू? परंतु आपल्या घरच्या व्हिडिओंत नेमके हेच चालते. आजी बोलत असते, आणि तिच्या डोक्यावर सिनेमाचे गाणे वाजत असते.

आमच्या एका शेजारणीची गोष्ट सांगते. नातीच्या बारशात तिच्या सासूबाईंनी पाळण्याजवळ उभे राहून आपल्या माहेरचे, लहानपणचे पाच-सहा मिनिटे सांगितले होते. व्हिडिओ करणाऱ्याने त्यावर शेवटपर्यंत एक गाणे घातले आणि मूळ चित्रण पुसून टाकले. पुढे वर्षभरात सासूबाई गेल्या. आता त्यांचे ओठ हललेले दिसतात, हात दिसतो, ऐकू येते ते गाणे. हल्ली गाण्यातून माणसाचा आवाज वेगळा काढण्याची सोय निघाली आहे. नातवाने तो प्रयत्नही करून पाहिला. पण गाण्यातही माणसाचाच आवाज होता, त्यामुळे दोन्ही एकमेकांत अडकले आणि अर्धे शब्द तुटके निघाले. गावाचे नाव तेवढे कळले. ते गाणे आजही कुठेही मिळते, हे त्या बाईच्या मनातून जात नाही.

हे असे का होते? व्हिडिओ जोडणाऱ्याने ते बोलणे वीस वेळा ऐकलेले असते. त्याला शब्द पाठ झालेले असतात, म्हणून गाण्याखालूनही त्याला ते ऐकू येतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला येत नाहीत. दुसरे असे, की शब्दाचा अर्थ स, श, त, थ, फ अशा बारीक आवाजांवर असतो आणि ते मुळातच हळू असतात. वय वाढले, की कान आधी हेच उंच बारीक आवाज गमावतो. आमच्या आत्याबाई म्हणतात, “आवाज येतोय गं, पण काय बोलतेत ते उमगत नाही.” लोक त्यांना बहिऱ्या समजून ओरडतात. ओरडून काही होत नाही. मागचा गलबला कमी करावा लागतो.

आता कृती. फोनवर व्हिडिओ जोडताना खाली दोन पट्ट्या दिसतात, एक बोलण्याची आणि एक संगीताची. दोन्हींचा आवाज निरनिराळा कमीजास्त करता येतो. बोलणे तसेच ठेवावे. कोणी बोलत असेल तेथे संगीत शंभरातल्या दहा-बारावर आणावे आणि तेथून कानाने ठरवावे. बोलण्यापेक्षा मागचा आवाज निदान २० डेसिबलने खाली असावा, असे इंटरनेटसाठीच्या सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक नियमांतही सांगितले आहे. बोलणे संपले, पाळणा हलू लागला, की संगीत वर न्यावे. मात्र एकदम नव्हे. चुलीची आच वाढवतो तसे, दोन-तीन सेकंदांत. काही अॅपमध्ये बोलणे आले की संगीत आपोआप खाली जाते. त्याला डकिंग म्हणतात. सोय चांगली आहे, पण वाक्यांच्या मधल्या श्वासालासुद्धा संगीत उसळी घेते आणि ऐकताना दम लागल्यासारखे होते. मला ते हातानेच केलेले बरे वाटते.

बोलण्याखाली शब्द असलेले गाणे घालूच नये. दोन बायका एकदम बोलू लागल्या तर तिसरीने कोणाचे ऐकावे? सनई, बासरी यांचा सूरही बोलण्याच्या आड येतो. तंबोरा चालतो. झाले, की व्हिडिओ फोनवर लावून पाहावा, मग टीव्हीवर, आणि तेव्हा जी बाई त्या कार्याला हजर नव्हती तिला ऐकवावा. तिला शब्द कळले तर जमले.

खरे काम मात्र चित्रण करतानाच असते. दुरून घेतलेले बोलणे मागाहून मोठे केले, तर पंख्याची घरघरही तेवढीच मोठी होते. म्हणून पंखा बंद, मिक्सर बंद, आणि दुसरा एक फोन आवाज टिपायला बोलणाऱ्याच्या मांडीवर. अंतर निम्मे केले, की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. दोन्ही फोन सुरू झाल्यावर एकदा टाळी वाजवावी. पुढे दोन्ही जुळवताना ती टाळी खूण म्हणून सापडते.

संगीत नसले तर व्हिडिओ मिळमिळीत लागतो, असे कोणी म्हणेल. कोल्हापुरात १९२९ साली निघालेल्या प्रभात कंपनीने पुढे पुण्यातून, १९३७ साली, ‘कुंकू’ हा बोलपट काढला. शांतारामबापू दिग्दर्शक, केशवराव भोळे संगीतकार. त्यात गाणी आहेत, परंतु प्रसंगांच्या मागे वाद्ये वाजवलेली नाहीत; त्या घरातले, वस्तूंचे आवाज तेवढे आहेत. कोणाला तो मिळमिळीत वाटला नाही. आपल्याही घरी भांड्यांचा, कोंबड्यांचा, पाळण्याच्या कड्यांचा आवाज असतोच. तो थोडा राहू द्यावा.

आपल्याच तालुक्यातल्या कुंडलचे, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड २०२२ साली गेले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या, विट्याच्या हौसाताई पाटील २०२१ साली गेल्या. पत्रकारांनी येऊन त्यांचे बोलणे चित्रित करून ठेवले, म्हणून ते आजही ऐकता येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांकडे मात्र कोणी पत्रकार येणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालांचा कृष्णेचा पूर पाहिलेल्या कितीतरीजणी आज या सभेत समोर बसल्या आहेत. पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा कोणी आधी काय उचलले, जनावरे कोणी सोडली, हे त्यांनाच ठाऊक.

अध्यक्षबाईंच्या परवानगीने सुचवते, की येत्या महिन्यापासून दर गुरुवारी आपण एकीचे बोलणे टिपून घ्यावे. मूळ चित्रण जसेच्या तसे दोन ठिकाणी ठेवावे, त्यावर काही घालू नये. संगीत घालायचे ते दुसऱ्या प्रतीवर. पंखा बंद ठेवावा लागेल, म्हणून सकाळी नऊच्या आत जमावे. जिच्याकडे जादा फोन असेल तिने सभा संपल्यावर मला सांगावे.