खामगावचा कापूस आणि विलायतेचे शिवणयंत्र



आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे, ते आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. शिवणयंत्र म्हटले की अमेरिकेच्या सिंगर कंपनीचे नाव ओठावर येते. परंतु इंग्लंडातही या धंद्यात नावारूपास आलेले कारखाने होते. त्यांपैकी जोन्स यांच्या कारखान्याची हकीकत आपल्या वऱ्हाडातील श्रोत्यांस विशेष मनोरंजक वाटेल. कारण ज्या मुलखात तो उदयास आला, त्याचा आणि खामगावच्या बाजारपेठेचा कापसाच्या धाग्याने जुना संबंध होता.

प्रथम यंत्राचे मर्म पाहू. हाताने शिवताना सबंध सुई कापडाच्या आरपार जाते. यंत्राला हे जमेना. अखेर युक्ती सापडली ती अशी की, सुईचे नेढे मागे न ठेवता टोकाशी ठेवावयाचे. सुईचे टोक कापडाखाली जाऊन दोऱ्याचा एक फास करते, त्या फासातून खालचा दुसरा दोरा जातो, आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. या तत्त्वावरील यंत्राचे पेटंट एलियास होव या अमेरिकन कारागिराने १८४६ साली घेतले. त्याचे इंग्लंडपुरते हक्क लंडनच्या विल्यम टॉमस नामक व्यापाऱ्याने अवघ्या २५० पौंडांस विकत घेतले. होव स्वतः विलायतेत गेला, आणि निर्धन होऊन मायदेशी परतला. कल्पना एकाची आणि लाभ दुसऱ्याचा, हा प्रकार या यंत्राच्या जन्मापासूनच चालत आला आहे.

पुढे १८६० साली विल्यम जोन्स आणि टॉमस चॅडविक या दोघांनी भागीदारी करून मँचेस्टरजवळच्या ॲश्टन गावी शिवणयंत्रे करण्यास आरंभ केला. हा सारा सूतगिरण्यांचा मुलूख. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि या भागातील हजारो गिरणीकामगारांवर उपासमारीची पाळी आली. जोन्स-चॅडविक ही भागीदारी १८६३ साली संपली.

नेमक्या याच काळात आपल्याकडे काय घडत होते? लँकेशायरची भूक भागविण्यासाठी हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि खामगावची पेठ गजबजून गेली. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला, आणि १८७० साली जलंब ते खामगाव हा सुमारे ८ मैलांचा फाटा खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. बुलढाणा जिल्ह्यात ते १९०५ साली आले. त्याच सुमारास, म्हणजे १८६९ साली, जोन्स याने मँचेस्टरजवळ गाइड ब्रिज येथे आपला स्वतंत्र कारखाना उघडला. त्याची यंत्रे इतकी मान्यता पावली की, पुढे राणी अलेक्झांड्रा हिला यंत्र पुरविल्याचा मान ती अंगावर मिरवू लागली.

तथापि हिंदुस्थानात सरशी झाली ती सिंगरचीच. तिची यंत्रे स्कॉटलंडातील क्लाइडबँक येथील प्रचंड कारखान्यात होत. इकडे नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाने तिचा व्यापार वाढविला. हप्त्याने पैसे घेण्याची पद्धत हे तिचे मोठे बळ होते. ज्या शिंप्याजवळ यंत्राची सबंध किंमत एकदम नसे, त्याला यंत्राच्या कमाईतूनच यंत्राचे मोल फेडता येऊ लागले.

आता खरा प्रश्न असा की, या देवघेवीत आपल्या पदरी काय पडले? कच्चा कापूस गेला आणि विणलेले कापड आले, त्याने विणकराचा माग थंडावला. मग त्याच विलायतेहून आलेल्या शिवणयंत्रालाही आपण दोष द्यावा काय? गांधीजी यंत्रयुगाचे कठोर टीकाकार; पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला आवर्जून अपवाद केले. माझ्या मते या भेदाचे कारण उघड आहे. गिरणी माणसाला आपल्या दारी बोलावते. शिवणयंत्र माणसाच्या घरी येते. ते हाताचे काम काढून घेत नाही, हाताला वेग देते. निराधार झालेल्या कित्येक भगिनींनी याच यंत्रावर मुलांची शिक्षणे केली, हे आपण आपापल्या आळीत पाहिलेच असेल.

परंतु हे पुण्य लोखंडाचे नव्हे, मालकीचे आहे. तेच यंत्र दुसऱ्याचे असले आणि बाई नगावर मजुरीने राबू लागली, की होवची कथा तिच्या वाट्यास येते; कौशल्य तिचे आणि नफा दुसऱ्याचा.

जोन्सचा कारखाना १९६८ साली ब्रदर या जपानी कंपनीने घेतला, आणि क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली बंद पडला. कारखाने गेले, तरी त्यांची काळी, सोनेरी वेलबुट्टीची जुनी यंत्रे वेळेवर तेल मिळाल्यास अजून टाके घालतात. आपल्या माळ्यावर असे एखादे यंत्र धूळ खात असेल, तर ते दुरुस्त करून अशा हातांत द्यावे, की ज्या हातांना काम येते पण ज्यांच्याजवळ साधन नाही. भाड्याने मात्र देऊ नये. तिच्या मालकीचे करून द्यावे. दानाचे खरे फळ त्यातच आहे.